तुझ्या वाट्याचा निरोप

प्रिय लाडोबा,

'प्रिय' लिहून पेन खाली ठेवलं होतं. मग म्हटलं, असू दे. कितीही रागावले तरी तू माझा भाऊ असायचा थांबत नाहीस, हीच तर अडचण आहे. फोन तू उचलत नाहीस. उचललास तरी माझी दोन वाक्यं होईपर्यंत तुझी प्रार्थना सुरू होते, आणि कुणी प्रार्थना करत असताना मध्ये तोंड घालू नये हे आजोबांनीच शिकवल्यामुळे मी आपली गप्प बसते. पत्राचं बरं असतं. त्याला मध्येच 'आमेन' म्हणून गप्प करता येत नाही. फाडता येतं, पण तू फाडणार नाहीस, कारण मी माफी मागितली आहे का हे तुला आधी बघायचं असेल. नाही मागितलेली. तरी शेवटपर्यंत वाच.

आजोबांना माती दिली त्या दिवशी दफनभूमीच्या फाटकाशी तू सगळ्यांच्या देखत मला म्हणालास, "ताई, तू धीर सोडला नसतास तर आजोबा आज स्वतःच्या पायांनी चर्चला आले असते." आई शेजारी उभी होती. पाळकसाहेब होते, आजोबांचे दुकानातले जोडीदार काका होते, आजोबांकडे केस कापायला येणारी अर्धी गल्ली होती. मी काही बोलले नाही, तेव्हा लोकांना वाटलं असेल, हिला पटलं. मला पटलं नव्हतं. माझ्या हातात आईचा हात होता, म्हणून मी दात ओठ खात उभी राहिले. तू तुझा इस्त्रीचा कोट सावरत गाडीत बसलास आणि गेलास. घरी पाणी प्यायलाही थांबला नाहीस. तुझं बोलून झालं होतं. माझं राहिलं होतं, ते आता ऐक.

तुला वाटतं तुला सगळं ठाऊक आहे. पण तू तिथे नव्हतास. डॉक्टरीणबाईंनी मला आणि आईला खोलीत बोलावून सांगितलं की पोटातली गाठ यकृतापर्यंत पसरली आहे, कापून काही उपयोग नाही, आता गोष्ट महिन्यांची नाही, आठवड्यांची. आई भिंतीवरच्या पोटाच्या चित्राकडे बघत राहिली. मी तुला फोन लावला. तू क्षणभर गप्प झालास, आणि तेवढ्या क्षणापुरता तू मला माझा जुना भाऊ वाटलास. मग म्हणालास की आजोबांना कळता कामा नये, पुढचं मी आमच्या प्रार्थनागटाच्या ब्रदरांशी बोलून सांगतो. संध्याकाळपर्यंत तुझे हुकूम आले. घरात मरणाचा शब्द कुणी काढायचा नाही. पाळकसाहेबांनी फक्त आरोग्यासाठी प्रार्थना करायची. कुणी रडायचं नाही, कारण रडणं म्हणजे संशय, आणि संशय आला की चमत्कार अडतो. तिकडे बसून तू उंटावरून शेळ्या हाकत होतास आणि आम्ही इकडे मुकाट्यानं हाकल्या जात होतो. आई म्हणाली, तो उपास करून प्रार्थना करतोय, आपण निदान गप्प तरी बसू. तुझा शब्द आईनं कधी खाली पडू दिलाय?

आणि मग तो आरसा. ते तुझ्या ब्रदरांच्या सुपीक डोक्यातून निघालं की तुझ्या, मला माहीत नाही. म्हणे, त्यांना स्वतःचा चेहरा दिसला तर खचतील, खोलीतला आरसा काढून टाका. अरे, ज्या माणसानं उभा जन्म आरशासमोर उभं राहून लोकांचे चेहरे वाचले त्याच्यापासून चेहरा लपवायचा? जोडीदार काका तर म्हणाले होते, हे म्हणजे कोळ्यापासून पाणी लपवण्यासारखं झालं. तरी काढला. आईनं सांगितलं की कडेची चौकट निखळली म्हणून दुरुस्तीला दिलाय. मी, तिनं आधी काय सांगितलंय हे न विचारता, सांगून बसले की माझ्या हातून फुटला. आजोबांनी दोन्ही ऐकून घेतलं आणि म्हणाले, बरं, आधी फुटला आणि मग दुरुस्तीला गेला असेल. आम्ही दोघी हसलो. असं हसलो की मला आजही लाज वाटते.

मी दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं सरकवत 'आता दिसतं का, आता दिसतं का' म्हणून विचारते, आणि घरी येऊन माझ्याच आजोबांच्या डोळ्यांवर पडदा ओढत होते. तुझ्या हुकमावरून.

रोज संध्याकाळी तुझा फोन यायचा. आई तो उशीजवळ ठेवून आवाज पूर्ण वाढवायची. तू आणि तुझी ती मंडळी, कुणी रडतंय, कुणी ओरडतंय, रोगाला 'नीघ' म्हणून हुकूम सोडतंय. खोलीच्या खिडकीची काच थरथरायची. आजोबा डोळे मिटून पडलेले असायचे आणि तू श्वास घ्यायला थांबलास की 'आमेन' म्हणायचे. बरोबर तुझ्या थांबण्यावर. आयुष्यभर कमी बोलणाऱ्या त्या माणसाची मला इतकी कीव यायची, आणि तुझा इतका संताप. दुकानात कधी कुणाला त्यांनी धर्माची चार वाक्यं ऐकवली का? भिंतीवर वचनाचं एक कॅलेंडर, बस्स. गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवलं की त्याच्या डोक्यावर हात ठेवून क्षणभर डोळे मिटायचे. एकदा तो टकल्या शिक्षक चेष्टेनं म्हणाला, माझ्यासाठी काय मागता, केस? तर आजोबा म्हणाले, वस्तरा हातात असताना मी स्वतःसाठीच मागतो, तुमचा कान जागेवर राहावा म्हणून. सगळं दुकान हसलं होतं. तूही होतास तेव्हा, खुर्चीच्या हातांवर आडव्या टाकलेल्या फळीवर बसलेला, मानेला पांढरं फडकं गुंडाळून.

दुकान बंद असायचं त्या दिवशी ते छोटी पिशवी घेऊन कुठे जायचे ते तुला आठवतं का, की ब्रदरांनी तेही पुसून टाकलं? अंथरुणावरून उठू न शकणाऱ्या माणसांची दाढी करायला जायचे. आपल्या चर्चमधल्या आणि चर्चबाहेरच्याही. पुष्कळदा ती त्या माणसाची शेवटची दाढी असायची. घरचे दाराबाहेर कानात सांगायचे, त्यांना काही कळू देऊ नका हं. आजोबा आत जायचे, दार लावून घ्यायचे, आणि तो माणूस विचारील त्याचं खरं उत्तर द्यायचे. खोटं बोलून दाढी करता येत नाही, हात बिचकतो, म्हणायचे. किती जणांना त्यांनी नीट निरोप घ्यायला लावला. असल्या माणसाच्या उशाशी आम्ही त्याच कुजबुजीचं दुकान मांडलं.

आपल्या घराची रीत तुला वेगळी सांगायला नको, तरी सांगते, कारण तू ती विसरल्याचं सोंग घेतोस. जाणारं माणूस प्रत्येकाला एकेकटं बोलावतं, डोक्यावर हात ठेवतं आणि फक्त त्या एकासाठी देवाकडे काही मागतं. सगळ्यांची मिळून एक प्रार्थना चालत नाही. आजोबा म्हणायचे, सगळ्यांचे केस एका मापानं कापतो का आपण? आजी गेली तेव्हा तू कपाटात लपला होतास. आजोबांनी तुला उचलून तिच्यापाशी आणलं, तिचा हात तुझ्या डोक्यावर ठेवला, तो गार होता, आणि तू किंकाळी फोडलीस. लहान होतास, तुला कुणी बोल लावला नाही. पण तेव्हापासून आजारी माणसाच्या खाटेपाशी यायला तू भितोस, हे मला ठाऊक आहे. आधी तू सरळ सांगायचास, ताई, मला नाही बघवत. आता त्याच भीतीला तू विश्वास म्हणतोस आणि वर आम्हाला शहाणपण शिकवतोस. याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो. भितोस तर भी. घाबरलेल्या भावाला मी हात धरून आत नेलं असतं.

मी धीर कसा सोडला ते आता ऐक, म्हणजे पुढच्या वेळी चारचौघांत सांगताना नीट सांगता येईल. दुपारची वेळ होती, आई औषधं आणायला गेली होती. आजोबांनी दाढीचं सामान मागितलं. मी कोमट पाणी, ब्रश, साबण सगळं दिलं. वस्तरा द्यायची माझी छाती होईना, म्हणून साधं रेझर दिलं. ते हसले आणि म्हणाले, हे नवशिक्यांचं. मग आरशाशिवाय, नुसत्या बोटांनी चाचपत दाढी करायला लागले. एक गाल झाला. दुसऱ्या गालावर हाडाच्या खाली बोटं गेली आणि तिथेच थांबली. बराच वेळ त्यांनी ती तशीच ठेवली. मग म्हणाले, "हा गाल माझ्या ओळखीचा आहे. असे किती केलेत मी." मी पाण्याच्या भांड्याकडे बघत राहिले. त्यांनी पुढे विचारलं ते स्वतःबद्दल नव्हतं. त्यांनी विचारलं, लाडोबाला कळलंय का गं, की त्याला अजून तुम्ही अंधारात ठेवलंय?

कळलं तुला? त्यांना वाटत होतं, आपणच हे तुझ्यापासून लपवतोय. संध्याकाळचे ते सगळे 'आमेन' त्यांनी तुझ्यासाठी म्हटले होते. पोराचा विश्वास माझ्यामुळे मोडायला नको, म्हणून तो माणूस स्वतःचं मरण घशात दाबून पडून होता. मी रडायला लागले. त्यांनी साबणाच्या हातानंच माझी मान धरली आणि विचारलं, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या? मी सांगितलं. जसं होतं तसं, एक शब्द न वगळता. सांगितलं याचा मला आजही पस्तावा नाही, उद्याही होणार नाही. ते खचले नाहीत. उरलेला गाल त्यांनी पूर्ण केला, तोंड पुसलं, आणि म्हणाले, आता तो आरसा जिथून फुटून दुरुस्तीला गेलाय तिथून परत आणा. मग पाळकसाहेबांना बोलावलं. मी घाबरत विचारलं, लाडोबाच्या संध्याकाळच्या फोनचं काय? तर म्हणाले, त्याची प्रार्थना त्याला करू दे, माझी मला करू दे, देवाला दोन्ही ऐकू येतात.

त्यानंतरचे दिवस तू बघायला हवे होतेस. घर कसं मोकळं झालं होतं. जोडीदार काकांना आत बोलावलं, ते बाहेर आले तेव्हा डोळे सुजलेले आणि चेहऱ्यावर हसू. वरच्या मजल्यावरच्या त्या भांडकुदळ शिंप्याशी आजोबा वर्षानुवर्षं बोलत नव्हते, त्यालाही बोलावलं. आत काय झालं देव जाणे, पण आता तो रोज आईला विचारतो, काही आणायचंय का. फक्त आई तयार होईना. डोकं खाली घातलं म्हणजे आपण त्यांना जायला परवानगी दिली, असं तिनं मनात घेतलं होतं. हे तिच्या डोक्यात कुणी भरवलं असेल? शेवटी आजोबांनीच तिला लहानपणीच्या लाडाच्या नावानं हाक मारली, तेव्हा ती खाटेशी गुडघ्यांवर बसली. दार मी बाहेरून ओढून घेतलं. बऱ्याच वेळानं बाहेर आली ती मला म्हणाली, किती वर्षांनी मी कुणाची तरी मुलगी झाले बघ.

आणि तू. मी तुला सांगितलं, ये. तू म्हणालास, निरोप घ्यायला येणार नाही, ते चालायला लागले की बघायला येईन. आईनं सांगितलं, ये. तुझं तेच. मग आजोबांनी स्वतः फोन मागितला. त्यांना धड धरवत नव्हता, मी कानाशी धरला. ते एवढंच म्हणाले, "येऊन जा रे एकदा." आणि तू काय केलंस? तू प्रार्थना सुरू केलीस. आजोबा तुला भेटायला बोलावत होते, आणि तू रोगाला हुकूम सोडत होतास. त्या दिवशी त्यांनी 'आमेन' म्हटलं नाही. फोन बंद झाल्यावर ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. तुझा कोणताही शब्द मी एक दिवस माफ करीन कदाचित, पण ती पाठ माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

गेले ते सकाळी, चांगलं उजाडल्यावर. आई त्यांची उशी सरळ करत होती, पाळकसाहेब स्तोत्र वाचत होते, खाली कुणाची तरी गाडी सुरू होत नव्हती. काही झगमगाट झाला नाही, आभाळ फाटलं नाही. एक श्वास आला आणि पुढचा आला नाही. आईनं त्यांच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाली, जा बाबा. इतक्या शांत मनानं निरोप दिला होता तिनं. तेही समाधान तू तिच्यापाशी राहू दिलं नाहीस. फाटकाशी तू बोललास ते मला, पण लागलं तिला. काल भांडी घासता घासता ती मध्येच थांबली आणि मला विचारलं, "मी डोकं खाली घातलं नसतं तर?" बापानं तिला शेवटचं जे दिलं ते आता तिला गुन्ह्यासारखं वाटतंय. चर्चमध्ये ती मागच्या बाकावर बसायला लागली आहे. पाळकसाहेबांना मी जाऊन बोलले, त्या दिवशी फाटकाशी तुमची दातखीळ का बसली म्हणून. ते म्हणाले, दुःखाच्या वेळी माणूस काहीही बोलतो, मनावर घेऊ नये. मी म्हटलं, मनावर घेऊ नका हे आम्हाला सांगता, मग बोलू नकोस हे त्याला सांगा की. ते चष्मा पुसत बसले. ढिला झालाय त्यांचा चष्मा, पण त्या दिवशी मी तो नीट करून दिला नाही.

आता हे पत्र कशासाठी, ते. आजोबांनी फोनवर बोलावलं आणि तू प्रार्थना सुरू केलीस, त्याच्या दुसऱ्या दिवशी आजोबांनी मला पुन्हा आत बोलावलं. माझा नंबर आधीच होऊन गेला होता, म्हणून मला वाटलं पाणी हवं असेल. त्यांनी खाली बसायला लावलं आणि पुन्हा माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, "हा तुझा नाही. हा त्याचा. नीट ऐक, आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवून त्याला दे. फोनवर नको." मग त्यांनी तुझ्यासाठी जे मागायचं ते मागितलं. दम लागत होता, थांबून थांबून मागितलं, माझ्यापेक्षा, आईपेक्षाही जास्त वेळ. तो हात मी दफनभूमीत घेऊन आले होते, माती झाल्यावर तुला बाजूला घेऊन देणार होते. तेवढ्यात तू तोंड उघडलंस. मी तुला दिला नाही, घरी परत आणला, आणि तेव्हापासून तो माझ्यापाशी पडून आहे. मी तो पोस्टानं पाठवणार नाही, इथे लिहिणारही नाही. तुला यावं लागेल. आल्यावर आधी आईपुढे बसायचं आणि तिला स्वच्छ सांगायचं की तिचं काही चुकलं नाही. मग माझ्यापुढे, ज्या बाईनं तुझे आजोबा मारले तिच्यापुढे, डोकं खाली घालायचं. माझा राग तोपर्यंत गेलेला नसेल, त्याची वाट बघू नकोस. पण आजोबांनी तुझ्यासाठी जे मागितलं त्यात रागाचा एक शब्दही नाही, राग आहे तो सगळा माझा. ये.

तुझीच,
ताई